फ्लेमिंगो, ऑटो स्टार्टर आणि ओंकारचा अंगठा

मी शोधत होतो माकडटोपी आणि सापडला कॅमेरा. कपाटाच्या वरच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे, काळ्या बॅगेत. आमच्या ओंकारने कॉलेजात असताना हौसेने घेतलेला. पुण्याला जाताना तो इथेच राहिला आणि दोन वर्षं आमच्या स्वेटरांना सोबत करत बसला.

"मंगल, ह्यो चालतोय का गं?" मी बायकोला विचारलं.

"आवं, तुमी मिस्त्री. मला काय इचारता?" ती म्हणाली आणि टोपी माझ्या हातात दिली. टोपी खालच्याच फळीवर होती.

उंब्रजला हायवेच्या कडेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, हा धंदा. दुसऱ्याच्या दुकानात फरशी झाडण्यापासून सुरुवात केली, त्याला तीस वर्षं झाली. शिक्षण आठवी. पण कान असा की शेतकऱ्याने बांधावरून फोनवर मोटारीचा आवाज ऐकवला तरी दोष सांगतो. मंगलचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, ह्यांना ऐकू लय चांगलं येतं, पण बोलायचं थांबतील तवा ना!

दोन्ही मुलं आता मोठी झाली. प्राजक्ता लग्न होऊन कडेगावला गेली. जावई फौजेत आहेत. ओंकार इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागला. चार-दोन वर्षं बाहेरचा अनुभव घेईल आणि दुकानात येईल, असा माझा हिशेब. म्हणून दिवाळीत मी पराक्रम केला. दुकानाचा बोर्ड नव्याने रंगवून घेतला आणि नावापुढे लिहून टाकलं, 'अँड सन'. पाडव्याला झेंडूची माळ घालून सनला बोर्ड दाखवला.

सन बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, मला इचारलं व्हतं का?"

"बापानं बोर्ड लावायला पोराची परवानगी काढायची व्हय रं?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याने नोकरी सोडली होती. पुण्यातल्या एका स्टुडिओत तो आवाज मुद्रित करायचं काम शिकत होता. पावसाचे, बाजाराचे, पाखरांचे आवाज माइकवर धरायचे, साफ करायचे, नीट बसवायचे.

मी काय बोलावं? मी बोललो, "आवाज ऐकायला पगार देत्यात? मी तीस वर्षं फुकट ऐकतोय की."

"तुमी मोटारीचं ऐकता पप्पा," तो म्हणाला. "माणसाचं न्हाई."

झालं. भाऊबीज उरकून तो गेला. तेव्हापासून फोन फक्त आईला. मला मोबाइलवर अंगठा. 'जेवलास का', अंगठा. 'थंडी आहे, जपून राहा', अंगठा. एकदा मी त्याच्या भवितव्यावर दोन पानं भरतील एवढं लिहून पाठवलं. त्यालाही तोच अंगठा, आणि तोही दुसऱ्या दिवशी.

कॅमेरा हातात आला तेव्हा मंगल म्हणाली, "त्याला लिवून काय उपेग न्हाई. एखादा बरा फोटू काढून धाडा. थंडीची पाखरं आल्याती म्हणं येरळवाडीला. आनि हे बगा, फोटूखाली एक अक्षार लिवायचं न्हाई."

ठरलं. तीन दिवस दुकान बंद ठेवायचं, एक चांगला फोटो काढायचा आणि पोराकडून अंगठ्याशिवाय काहीतरी मिळवायचं. ज्या वाचकांना फक्त रस्ते, मुक्काम आणि पाखरं एवढंच हवं आहे, त्यांच्यासाठी तेही पुढे आहे. पण आमची सहल कशासाठी होती ते आधी सांगितलेलं बरं.

पहिला दिवस: उंब्रज ते वडूज

संक्रांतीनंतरचा आठवडा. सकाळी साडेसहाला दुकानाची व्हॅन काढली. हिच्यात मोटारी वाहून वाहून वॉर्निशचा असा वास मुरलाय की मंगलने खिडकी उघडी ठेवली आणि थंडी आत घेतली. रस्ता उंब्रज, मसूर, पुसेसावळी, वडूज. रस्ता चांगला आहे, पण एक सांगून ठेवतो: कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्त्याच्या मधून जातात. धुक्यात मागचा दिवा दिसेलच असं नाही. घाई करू नका. चाळीसच्या वर मी गेलोच नाही, आणि तेवढ्या वेगात मंगलला प्रत्येक गावातलं कोण कुणाचं पाहुणं ते सांगून झालं.

पुसेसावळी मागे पडली की ऊस विरळ होतो आणि ज्वारी सुरू होते. उसात आपण भिंतींच्या मधून जातो. इथे एकदम दारं उघडल्यासारखं वाटतं. मी ठिकठिकाणी व्हॅन थांबवून फोटो काढत होतो. धुक्यातली बाभळ, तारेवरचा कोतवाल, शाळेला निघालेली सायकल, व्हॅनला टेकलेली मंगल. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो झकास दिसत होते. साठ-सत्तर तरी झाले असतील.

वडूजला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव ताजे, दोघांचं दोनशेच्या आत भागलं. शेजारीच एक फोटो स्टुडिओ उघडा दिसला. म्हटलं, कॅमेऱ्याची बटणं जरा समजून घ्यावीत. स्टुडिओवाले सलीमभाई, लग्नांचे फोटो काढून काढून केस पिकलेले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, खालचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, कार्ड कुटं हाय?"

"कसलं कार्ड?"

"फोटो ज्याच्यावर बसत्यात ते. आतापातुर किती काढलं?"

"साठ-सत्तर."

"सगळं हवेत गेलं," ते म्हणाले आणि दुकानाच्या आतल्या बाजूला वळून हसून आले. माझ्या तोंडावर हसायचं नाही, एवढी रीत त्या माणसाकडे होती. मंगलकडे नव्हती.

तर पहिली सूचना: कॅमेऱ्याच्या पोटात कार्ड आहे का ते घरीच बघा. कार्ड नसतानाही काही कॅमेरे खटखट वाजतात आणि काचेवर चित्रही दाखवतात. फसू नका.

सलीमभाईंनी कार्ड घातलं, बॅटरी तासभर चार्जिंगला लावली आणि वरचं चाक फिरवून एका चित्रावर आणलं. पळत्या माणसाचं चित्र. "उडत्या पाखरासाठी ह्यो पळता माणूस. आता ह्या चाकाला हात लावायचा न्हाई. सूर्य पाठीमागं ठेवा. आनि मिस्त्री, पाखरू म्हंजे नवरदेव न्हाई, मान वर करा म्हटलं की करायला. तुमी गप बसायचं. मग ते येतंय."

"गप?" मंगल म्हणाली. "भाईसाब, दुसरं कायतरी सांगा."

दुपारी येरळवाडीचा तलाव बघून आलो. वडुजापासून मायणीच्या अंगाला जाताना लागतो. शेवटचा रस्ता कच्चा आहे, पण दुचाकी आणि लहान गाडी जाते. पाणी लांबवर पसरलेलं, आणि पलीकडच्या काठाला फिकट गुलाबी रेघ. आधी मला वाटलं, कुणी धुणं वाळत घातलंय. मग रेघेने मान वर काढली. फ्लेमिंगो! ह्यांना मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. तिथला एक गुराखी मात्र म्हणाला, "ती व्हय? ती लांबड्या टांगंची."

मी फोटो काढायला लागलो. त्यातल्या बऱ्याच फोटोंत आभाळ आलं, काहींत माझा अंगठा. मंगलने घड्याळ लावून मला गप बसवून बघितलं. चार मिनिटं. चौथ्या मिनिटाला मी तिला, "किती झाली गं?" असं विचारलं.

मुक्काम वडूजला. लॉज साधा, गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं, आधी सांगून ठेवा. गोधडी घरून न्या.

दुसरा दिवस: येरळवाडी, मायणी, कडेगाव

पहाटे तलावावर पोचलो तेव्हा पाण्यातून वाफ निघत होती. काठावर एका चिलारीच्या झुडपामागे आम्ही पोतं अंथरलं आणि हिरवं शेडनेट अंगावर घेतलं. माझ्या डोक्याला माकडटोपी. मंगल म्हणाली, "पाखरं ऱ्हाऊ द्या, मलाच भ्या वाटाय लागलंय."

मग आम्ही गप बसलो.

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग कान उघडले. माझ्या कानांना मोटारींची सवय. एक आवाज पकडायचा आणि त्यातला दोष हुडकायचा. इथे दोष हुडकायला काही नव्हतं. लांबून चक्रवाक ओरडत होते. ही बदकं थंडीत हिमालयापलीकडून येतात, भगव्या रंगाची, आणि जोडीजोडीने बोलतात. एकाने म्हटलं की दुसरं लगेच उत्तर देतं. शेजारी चिखलात धोबी पक्षी शेपूट हलवत होता, त्याच्या पायांचा टिपटिप आवाजसुद्धा ऐकू येत होता. सूर्य वर आला, धुकं वितळलं, आणि ती गुलाबी रेघ हळूहळू आमच्याकडे सरकायला लागली. चोच पाण्यात उलटी घालायची, दोन पावलं टाकायची, आपसात गुरगुरायचं, पुन्हा चोच पाण्यात.

मंगलने मला घड्याळ दाखवलं. चाळीस मिनिटं झाली होती! आणि खरं सांगतो, मला बोलावंसं वाटत नव्हतं. ओंकार लहान असताना दुकानात माझ्या मांडीवर बसून टेस्टिंगला लावलेल्या मोटारी ऐकायचा, ते आठवलं. तो तेव्हाही गप असायचा. बोलत मी असायचो.

रोहित आता एवढे जवळ आले की डोळ्यांचा पिवळा रंग दिसला. मी कॅमेरा उचलला. हाच तो फोटो. उन्हं माझ्या पाठीमागे, पाण्यात पाखरांची उलटी सावली. श्वास रोखला.

आणि शेजारच्या काठावरची मोटार सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीपाळीने येते. ती आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून शेतकरी ऑटो स्टार्टर बसवतात. म्हणजे मालक घरी चहा पितोय आणि मोटार इकडे एकटीच चालू. पाखरांना त्याचं काही नव्हतं. रोजचंच. एकानेही मान वर केली नाही.

मान वर केली मी. मोटारीचा आवाज वाईट होता. घरघर, कडकड, आत कुणी खडे घोळवतंय असा. मी मनात म्हटलं, बेअरिंग गेलंय. चालू राहिली तर दहा मिनिटांत जळणार. मी कॅमेऱ्यात बघितलं. पाखरं समोर. मोटार ओरडतीय. पाखरं समोर. मोटार...

"धर!" मी कॅमेरा मंगलच्या हातात कोंबला आणि पळालो.

पन्नाशी उलटलेला माणूस, माकडटोपी घालून, अंगावर दहा हात हिरवं शेडनेट फरफटत चिखलातून पळतोय. ऑटो स्टार्टरला न घाबरणारी पाखरं ह्याला घाबरली. पाठीमागे मोठा फडफडाट ऐकू आला. मी वळून बघितलंही नाही. पेटी उघडली, लाल बटण दाबलं. मोटार थांबली. बघतो तर तलाव रिकामा.

"गेली," मंगलचा आवाज आला. "सगळी गेली ह्या माणसापायी."

तेवढ्यात बांधावरून आरोळी आली. "ए! केबल चोर! थांब तितंच! हलू नगं!"

काठी घेऊन एक सत्तरीचे गृहस्थ धावत आले. मोटारीची केबल कापून नेणाऱ्यांनी ह्या भागात शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत, त्यामुळे त्यांचा राग मला समजत होता. पण काठीही दिसत होती.

"आवं तात्या, चोर न्हाई मी. मिस्त्री हाय. तुमची मोटार जळत व्हती."

"चोर असंच म्हणतोय. त्वांड झाकून कशाला आलाईस मग?"

"थंडी हाय म्हणून!"

मंगल मागून आली. तिला बघून काठी खाली झाली. "वयनी, ह्ये तुमचं मालक?"

"व्हय," ती म्हणाली. "पर आज ठेवून घ्या तुमी. माझी काय तक्रार न्हाई."

तात्या हसले आणि भांडण तिथेच मिटलं. मी त्यांना सांगितलं, बेअरिंग गेलंय, मोटार उचलून वडूजला दुरुस्तीला न्या, तोवर चालू करू नका. तीस वर्षांच्या अनुभवाच्या थाटात सांगितलं. तात्यांनी माझा नंबर घेतला, उद्या सकाळी मोटार उचलतो म्हणाले, आणि आम्हाला वस्तीवर हुरडा खायला घेऊन गेले. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजलेली, तात्यांच्या हाताने चोळलेली, वर लसणाची चटणी आणि गूळ. जानेवारीत ह्या बाजूला आलात आणि कुणी हुरड्याला बोलावलं तर नाही म्हणू नका.

पण माझं लक्ष हुरड्यात नव्हतं. फोटो गेला होता. त्याला पाठवायला माझ्याकडे आभाळ होतं आणि अंगठा होता. अंगठे त्याच्याकडे भरपूर आहेत.

दुपारी मायणीच्या तलावावर तासभर बसलो. तिथे चित्रबलाक दिसले, चोच पिवळी आणि शेपटीकडे गुलाबी पिसं. एका चक्रवाकाच्या जोडीचा फोटो बरा आला, म्हणजे दोघांपैकी एक तरी ओळखू येत होतं. मी ठरवलं, हाच पाठवायचा.

विट्यावरून कडेगावला संध्याकाळी पोचलो. आता लेकीच्या घरी मुक्काम म्हणजे आमच्या पिढीला अवघडच. मंगलने तांदूळ, गूळ, लोणचं, विहीणबाईंना साडी असं इतकं सामान बरोबर घेतलं होतं की विहीणबाई म्हणाल्या, "वयनी, ऱ्हायला आलाय का दुकान टाकायला?" पण त्यांनी केलेलं वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी खाऊन मी अवघडायचं विसरलो.

जेवणाआधी प्राजक्ताने कार्ड तिच्या लॅपटॉपला लावलं. आभाळ, आभाळ, अंगठा, आभाळ. "पप्पा, हवामान खात्यात जाताय का?" मग ती थांबली. "हे काय? हा फोटो न्हाई. व्हिडिओ हाय!"

कॅमेरा हातात घेताना मंगलने पदराने त्याचा चिखल पुसला होता. त्यात ते चाक फिरलं असणार. आणि फोटो काढायचा म्हणून तिने जे बटण दाबलं, त्याने व्हिडिओ सुरू झाला होता. पाऊण मिनिटाचा. सुरुवातीला चिखल. मग कॅमेरा वर येतो. मोटारीची घरघर मोठ्याने. समोर मी पळतोय, शेडनेट फरफटत, आणि माझ्या मागे दोनशे-तीनशे रोहित एकदम पाण्यावरून उठतात. पंख उघडले की आतून शेंदरी आणि काळे. आख्खं आभाळ तांबडं. मग मोटार बंद होते. शांतता. पंखांचा आवाज लांब लांब जातो. आणि शेवटी मंगल: गेली, सगळी गेली ह्या माणसापायी.

प्राजक्ता हसून हसून भिंतीला टेकली. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. "परत लाव गं," मंगल म्हणाली. पाच वेळा लागला.

"ह्यो ओंकारला धाडू नगंस," मी प्राजक्ताला म्हणालो. "मी चक्रवाकाचा फोटो धाडणार हाय."

प्राजक्ता गप झाली. मला लेकीचं गप होणं ओळखू येतं. "धाडलास?"

"केवाच," ती म्हणाली.

मी फोन बघितला. त्याने व्हिडिओ बघितल्याच्या निळ्या खुणा प्राजक्ताच्या फोनवर आल्या होत्या. उत्तर नाही. जेवण झालं, तरी उत्तर नाही. मी प्राजक्ताला दोनदा विचारलं, मग मंगलच्या मार्फत एकदा. ह्या खेपेला अंगठासुद्धा आला नव्हता. मी बोर्ड लावला तेव्हा तो जसा वर बघत गप राहिला होता, तसाच आताही फोनकडे बघत बसला असेल असं मला वाटलं. बाप हा असा. पाखरांसमोरसुद्धा मोटारीमागे पळणारा.

तिसरा दिवस: सागरेश्वर आणि घर

सकाळी सागरेश्वर अभयारण्य. कडेगावहून देवराष्ट्रेच्या बाजूने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. गेटवर पास काढावा लागतो. वेळ आणि दर आधी विचारून घ्या, बदलतात. आत चालायची तयारी ठेवा आणि पाण्याची बाटली रिकामी झाली तरी परत आणा.

फोन मी आवाज बंद करून खिशात टाकला. पाणवठ्याच्या वरच्या बाजूला एका दगडावर आम्ही बसलो. वाळकी पानं, थंड दगड, पाठीवर कोवळं ऊन. चितळांचा एक कळप आला. पहिली मादी, कान इकडे-तिकडे फिरवत. तिच्या मागे तिची दोन पिल्लं. एक लहान, तिच्या पायांत. दुसरं बऱ्यापैकी वाढलेलं, स्वतःच वेगळीकडे चरायला लागलेलं. मादी अधूनमधून त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा चरायची. त्याच्या मागे पळत नव्हती.

तेवढ्यात खालच्या गावाकडून कुठल्यातरी मोटारीचा आवाज यायला लागला. कण्हत होती बिचारी. मंगलने माझ्याकडे बघितलं. मी मंगलकडे बघितलं.

मी उठलो नाही. फोटो काढले. नऊ काढले, त्यातला एक तर मी स्वतः फ्रेम करून लावणार आहे. किती वेळ बसलो ते मंगलने ह्या खेपेला मोजलं नाही. आवाज येत होता, मी ऐकत होतो, आणि ती मोटार माझी नव्हती. एवढं साधं सुख मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी बोलत असेन.

कळप गेल्यावर फोन काढला. ओंकारचा निरोप होता. माझ्या नंबरवर. अंगठा नाही, अक्षरं.

'पप्पा, बेअरिंग नाही वाटत. हेडफोन लावून दहा-बारा वेळा ऐकलं. पंप हवा ओढतोय. पाणी मागं सरकलं असंल, फुटव्हॉल्व्ह उघडा पडला असंल. ते शेतकरी काका मोटार उचलणार म्हणून ताई सांगत होती. त्यांना थांबवा. फुकट खर्च होईल.'

फुटव्हॉल्व्ह म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाची झडप. ती पाण्याबाहेर आली की पंप हवा गिळतो आणि आत खडे घोळवल्यासारखा वाजतो.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं! आणि हा मला पुण्यातून हेडफोन लावून शिकवणार? मी व्हिडिओ लावला, फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कळलं. घरघरीच्या खाली एक गुळगुळ होती. बेअरिंग गुळगुळत नाही. मी पळत होतो, धापा टाकत होतो, मनात आधीच ठरवून बसलो होतो. मी माती खाल्ली होती.

तात्यांना फोन लावला. "तात्या, मोटार उचलली का?"

"माणसं बोलीवल्यात, येतील आता."

"उचलू नका. आदी पाइपाचं त्वांड बगा. पाण्यात हाय का ते बगा."

"तुमी तर बेअरिंग म्हनला व्हता."

मी घसा साफ केला. "मी चुकलो तात्या. माझा पोरगा म्हणतोय, हवा ओढतीय."

पाऊण तासाने तात्यांचा फोन आला. "व्हय ओ! पानी मागं सरकलंय, फुटव्हॉल्व्ह निम्मा उगडा. चार दीस ऑटोवरच टाकली व्हती, बगाय कोन आलंय? मोटार फुडं सरकवली, झ्याक चालतीया. तुमी बंद केली ते बरं केलं, न्हाईतर जळाली असती. आनि मिस्त्री..."

"काय?"

"पोराला दुकानात बशीवलंय न्हवं? लय हुशार हाय."

मी म्हटलं, "न्हाई तात्या. तो दुसरं काम करतोय. त्याचं आवाजाचं काम हाय." हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडातून काढलं. बोलायला अवघड नव्हतं.

मग ओंकारला उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दगडावर बसून माझे दोन परिच्छेद झाले. मंगलने फोन हातातून घेतला, सगळं पुसलं आणि म्हणाली, "येवडंच लिवा: तुझंच बरोबर."

तेवढंच लिहिलं. आणि चितळांचा फोटो जोडला, खाली एक अक्षर न लिहिता. व्हॅन ताकारीच्या रस्त्याने कराडकडे निघाली. येताना वाटेत उसाचा रस प्यायलो, भेळ खाल्ली. हायवेला लागलो तरी मी फार बोललो नाही. मंगलने कपाळाला हात लावून ताप बघितला.

घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. आधी दुकान उघडलं. तीन दिवसांत गिऱ्हाइकांनी तीन मोटारी दारात आणून टाकल्या होत्या. तिन्ही टेस्टिंगच्या टेबलावर घेतल्या, लाईट जोडली आणि चालू केल्या. वर बोर्ड होता. 'अँड सन'. पेंटरला फोन करून सांगितलं, शेवटचे दोन शब्द पुसून टाक. तो म्हणाला, तिथं आता काय लिवू? म्हटलं, काय न्हाई, मोकळं ठेव.

ह्या सहलीचा एकूण खर्च डिझेल, लॉज, खाणं आणि ते कार्ड धरून दोघांना मिळून फार झाला नाही. शिल्लक काय राहिलं ते सांगतो. एकच बरा फोटो, आणि सकाळी लवकर उठून मागच्या परड्यात कॅमेरा घेऊन बसायची सवय. परड्यात फक्त साळुंख्या येतात. पण मी बसतो. गप.

परतलो त्याच संध्याकाळी, मोटारी टेस्टिंगला लावलेल्या असतानाच फोन वाजला. ओंकार. आईच्या नंबरवर नाही, माझ्या.

"पप्पा, हरणांचा फोटो लय भारी आलाय."

"हूं," मी म्हणालो. मंगल दुकानाच्या दारात बोट ओठांवर ठेवून उभी होती.

"त्या व्हिडिओची मूळ फाईल धाडा. मोटार बंद झाल्यावर पंखांचा आवाज हाय ना, तसला मला कवाच मिळाला नसता. सगळ्या स्टुडिओला ऐकवायचाय." मग म्हणाला, "आईचं शेवटचं वाक्यपण ठेवणार हाय."

मी हसलो. पुढे काही बोललो नाही. तोही बोलला नाही. फोन दोघांनीही ठेवला नाही. मागे टेबलावर तिन्ही मोटारी चालू होत्या, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, कुणाची तरी गाय हंबरली. तो पुण्यात ऐकत होता, मी इथे ऐकत होतो. मिनिटभर तरी.

मग तो म्हणाला, "पप्पा, त्यातल्या एका मोटारीचं मात्र खरंच बेअरिंग गेलंय."